रविवारच्या रकान्यातला बेचाळीस

जसिंता,

हे सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. टाळायला कारणं कधी कमी पडली नाहीत. आधी तुझी मुलाखत तोंडावर होती, मग तुझं लग्न ठरलं, मग माझी निवृत्ती आली, मग हिचं आजारपण. शेवटी तूच आजारी पडलीस, तेव्हा तर माझ्या टाळण्याला दया म्हणायचीही सोय झाली. आता तू नाहीस आणि माझ्यापाशी एकही कारण उरलेलं नाही.

परवा पापडीच्या चर्चमध्ये तुझ्या महिन्याच्या मिस्साला, प्रार्थनेला आलो होतो. मागच्या बाकावर बसलो. मिस्सा झाल्यावर शेजारच्या हॉलमध्ये चहा होता आणि ज्यांना तुझ्याविषयी बोलायचं होतं ते एकेक जण उभे राहून बोलत होते. तुझी एक विद्यार्थिनी उठली, प्रणाली नावाची, विरारची. तू तिला अकरावी-बारावीला शिकवलंस, आता ती बीएस्सीला आहे. ती म्हणाली, टीचर दरवर्षी पहिल्या तासाला त्यांच्या फसलेल्या प्रयोगाची गोष्ट सांगायच्या. प्रयोग त्यांच्या फार आवडीचा होता. एकदा त्यांना हवं ते दिसलं. पण दुसऱ्या वेळी त्यांच्या सरांनी रविवार असून दिवसभर प्रयोगशाळेत बसून स्वतःच्या हाताने नमुने घेतले, तेव्हा काही दिसलं नाही. टीचर सांगायच्या, डोळ्यांना जे हवं असतं तेच डोळे बघतात. म्हणून नोंद दुसऱ्याने करावी, आणि ती आपल्याविरुद्ध गेली तरी मानावी.

"ते सर आज इथे आलेत," असं म्हणून तिने माझ्याकडे हात केला.

माना वळल्या. तुझी आई उठून माझ्यापाशी आली आणि तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तुमच्या घरची बोली वसईत इतकी वर्षं काढूनही मला पुरती येत नाही, पण ती माझे आभार मानते आहे एवढं कळलं. मी मान हलवली. तिथेसुद्धा मी नुसती मान हलवली, जसिंता.

घरी आलो आणि हे लिहायला बसलो. प्रणालीने वाचावं, तुझ्या लेकीने, अनिताने मोठी झाल्यावर वाचावं. पण बोलतो आहे तुझ्याशीच.

तुझं-माझं भांडण तू तिसऱ्या वर्षाला असताना सुरू झालं. मी नोट्स सांगत होतो. जीवाणूला सांगाडा नसतो, त्याचा आकार बाहेरच्या भिंतीमुळे टिकतो, तो वाढून दुप्पट झाला की त्याचे दोन होतात. मी या ओळी बावीस वर्षं त्याच क्रमाने सांगत आलो होतो. तू हात वर केलास आणि विचारलंस, पण सर, बरोबर मधोमध तुटायचं हे त्याला कळतं कसं? मी म्हणालो, परीक्षेत एवढं विचारत नाहीत. वर्ग हसला. तू हसली नाहीस, आणि वहीत काहीतरी लिहिलंस. ते काय असेल याचा मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत विचार करत होतो.

मुंबईहून एमएस्सी करून तू आमच्याच विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून आलीस, तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर झेरॉक्सच्या गठ्ठ्यात बांधून आणलं होतंस. प्रत्येक जीवाणूच्या आत, भिंतीला लागून, बरोबर मध्यावर एका प्रथिनाचं कडं तयार होतं. ते कडं आवळत जातं आणि पेशीचे दोन तुकडे होतात. आपल्या पेशींमध्ये ज्या प्रथिनांचा सांगाडा असतो, त्यांचंच हे लांबचं नातेवाईक. म्हणजे सांगाडा जीवाणूलाही असतो. प्रथिनाचं नाव एफटीएसझेड. मी म्हणालो, हे नाव आहे की स्कूटरची नंबरप्लेट?

कँटीनमध्ये तू मला ते पावावर करून दाखवलंस, आठवतं? वड्याशिवायचा नुसता पाव मागवलास, त्याच्या कमरेला पुडीचा दोरा गुंडाळलास आणि दोन्ही टोकं हळूहळू ओढलीस. पावाचे दोन तुकडे झाले.

"बघा सर, सुरी लागली नाही."

"पावात आणि जीवाणूत फरक आहे, जसिंता."

"आहे ना सर. जीवाणू ताजा असतो."

कँटीनवाल्यासकट सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. शिळा पाव कोण हे मला कळलं होतं. तुझ्या मनात तसं काही नसेलही. माझ्या मनात होतं. माझ्या नोट्स कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळायच्या आणि मुलं त्याच पाठ करून पास व्हायची. त्यातली पहिलीच ओळ चुकीची आहे असं माझीच विद्यार्थिनी माझ्याच विभागात बसून म्हणत होती. तुझे कागद मी वाचले होते. तू समजत होतीस तसे न वाचता परत केले नव्हते. मला ते पटले होते, आणि तरीही मी तुला म्हणत राहिलो की परदेशातल्या फोटोंवर मी विश्वास ठेवत नाही, आपल्या टेबलावर दाखव.

तू दाखवलंस. मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेत एमएस्सी केलंस तिथून तू एक जीवाणू मागून आणलास. त्याच्यात तेच एक प्रथिन कच्चं होतं. तीस अंशांवर तो नीट वाढायचा आणि नीट विभागायचा. बेचाळीस अंशांवर नेला की त्याचं कडं बनेनासं व्हायचं. मग तो वाढत राहायचा पण तुटू शकायचा नाही, आणि त्याचा लांबच लांब धागा व्हायचा. महागडं यंत्र काही लागणार नव्हतं. विजेवर तापणारी पाण्याची टाकी, थर्मामीटर आणि आपला जुना सूक्ष्मदर्शक पुरे होता.

जानेवारीतल्या एका दुपारी तू मला बोलावलंस. मी डोळा लावला. धागे होते, जसिंता. आठ-आठ, दहा-दहा पेशींच्या लांबीचे, मध्ये कुठे चीर नाही, केस सांडल्यासारखे काचेवर पसरलेले. मी बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणालो, वसईचं पाणी खारं, त्याचा परिणाम असेल. तू म्हणालीस, डिस्टिल्ड वॉटर वापरलंय सर, मीच केलंय. मी म्हणालो, मग बाहेरचा दुसरा कुठला जीवाणू शिरला असेल. तू तीसवाली काचपट्टी पुढे केलीस. त्याच बाटलीतले, आखूड, नेटके जीवाणू. तेव्हा मी म्हणालो, डोळ्यांना जे हवं असतं तेच डोळे बघतात.

प्रणालीने हॉलमध्ये सांगितलं ते वाक्य तुझं नव्हतं. माझं होतं. एका हरलेल्या माणसाने बोलायचं म्हणून बोललेलं. ते तू इतकी वर्षं मुलांना ब्रीद म्हणून दिलंस.

दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत तुझी पीएचडीसाठी मुलाखत होती आणि तिथे स्वतः केलेलं काम मांडायचं होतं. तू माझ्याकडे शिफारसपत्र मागितलंस. मी अट घातली. दर तासाला नमुना घेऊन प्रयोग पुन्हा कर, तासागणिक धागे लांबत गेलेले दिसले तर मी पत्र देईन. इतर दिवशी टाकी प्रॅक्टिकलला लागायची, म्हणजे रविवारच उरला. त्या रविवारी पापडीच्या चर्चचा सण होता आणि त्या वर्षी तुझे वडील व्यवस्थेत होते. तू सण सोडून यायला तयार होतीस. मी म्हणालो, तू घरच्यांबरोबर राहा. मी कॉलेजसमोरच राहतो, मी घेतो नमुने. शिवाय माझ्या हातून झालं तर कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

तुला केवढा आनंद झाला होता. शनिवारी तू पाच कुप्या लेबलं लावून, फॉर्मॅलिन घालून ओळीत ठेवल्यास. अकरा, बारा, एक, दोन, तीन. फॉर्मॅलिनमध्ये जीवाणू त्या क्षणी जसा असेल तसा थिजतो, म्हणून वेळ चुकवू नका सर, असं तू दोनदा सांगितलंस.

आता त्या रविवारचं सांगतो. हे मी हिलासुद्धा कधी सांगितलं नाही.

मी दहाला गेलो. टाकी बेचाळीसवर होती. बाटली आत ठेवली. अकराचा नमुना घ्यायच्या आधीच वीज गेली. पंधरा मिनिटं थांबलो, पंखा नाही, अंगाला धारा. म्हटलं, वीज आली की येऊ. टाकीला झाकण आहे, पाणी तासभर तरी गरम राहील. घरी आलो. रविवारचं जेवण झालं आणि जरा पडलो. उठलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि पंखा फिरत होता. तो कधी सुरू झाला हे हिलाही माहीत नव्हतं.

धावत गेलो. टाकीचा दिवा लागलेला होता, थर्मामीटर एकतीसवर होता. पाचही कुप्या रिकाम्या, ओळीत, तुझ्या अक्षरातल्या. मी त्या पाचही कुप्या एकाच बाटलीतून, एकाच वेळी भरल्या. अकरा, बारा, एक, दोन, तीन. मग टाकी पुन्हा बेचाळीसवर येईपर्यंत तिथेच बसून राहिलो आणि दार ओढून घेतलं.

सोमवारी सकाळी तापमानाची वही उघडली. तुला ती वही माहीत आहे. टाकीच्या वर खिळ्याला टांगलेली, दिवसाला दोन रकाने. रविवारी कुणी येत नसे, पण तपासणीला समिती आली की कोरे रकाने तिच्या डोळ्यांत येत. म्हणून रविवारचे रकाने सोमवारी शनिवारचाच आकडा उतरवून भरायचे, अशी रीत मीच घालून दिली होती. विभागात सगळ्यांना ती ठाऊक होती, तुलाही होती. पण त्या रविवारी मी स्वतः बसलो होतो असं तू धरून चाललीस, म्हणून त्या एका रविवारचा आकडा तुझ्या लेखी खरा ठरला. मी दोन्ही रकान्यांत बेचाळीस लिहिलं आणि सही केली.

दहाच्या सुमारास तू आलीस. हिच्यासाठी सणाचा डबा आणला होतास. डबा माझ्या टेबलावर ठेवून तू थेट सूक्ष्मदर्शकाकडे गेलीस. एक कुपी पाहिलीस, दुसरी पाहिलीस. पाचही पाहिल्यास. आखूड, नेटके जीवाणू, पाचही तासांना सारखेच. तुझी पाठ माझ्याकडे होती. मग तू वळलीस आणि विचारलंस:

"सर, काल लाइट गेली होती का?"

त्याच वेळी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी डब्यातला करंजीचा तुकडा तोंडात टाकला होता. तो गिळला आणि म्हणालो, "थोडा वेळ. पण टाकी गरमच होती. मी बघत होतो ना."

तू मान हलवलीस. वही पाहायलाही गेली नाहीस.

माझी फजिती लपवायला मी खोटं बोललो असं म्हटलं तर ते अर्धंच खरं ठरेल. उरलेलं अर्धं आजवर मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. त्या पाच कुप्यांमुळे मी जिंकलो होतो. इतक्या वर्षांची ती ओळ माझ्या नोट्समध्ये जागच्या जागी राहिली होती. तुझे खांदे पडलेले मी पाहिले आणि मला वाईट वाटलं, पण त्याखाली कुठेतरी बरंही वाटलं. ते बरं वाटणं मला आजवर सोडत नाही.

पत्र मी दिलं. अट पुरी झाली नव्हती तरी दिलं, आणि तू त्याला माझा मोठेपणा म्हणालीस. मुलाखतीत तू दोन्ही वेळचे निकाल मांडलेस. एक लपवला असतास तर कुणाला कळणार होतं? परत आल्यावर तू मला सगळं शांतपणे सांगितलंस. मुलाखत घेणारे म्हणाले, हा जीवाणू बेचाळीसवर सगळीकडे धागे करतो, तुमच्याकडे केले नाहीत म्हणजे एक तर टाकी बिघडली असेल, नाहीतर जीवाणूत भेसळ झाली असेल. काय झालं असेल? तू म्हणालीस, टाकीजवळ आमचे सर स्वतः बसले होते. म्हणजे भेसळ. आणि भेसळ म्हणजे माझी चूक, असंही तूच म्हणालीस. त्यांनी आभार मानले आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

"बरोबरच आहे सर त्यांचं," तू म्हणालीस. "ज्याला एक बाटली स्वच्छ ठेवता येत नाही त्याला कोण घेणार?"

त्याच आठवड्यात तू तो जीवाणू मारून टाकलास. प्रेशर कुकरसारख्या त्या ऑटोक्लेव्हमध्ये सगळ्या बाटल्या घालून झाकण आवळताना मी तुला पाहिलं. उन्हाळ्यात पुन्हा एकदा करून बघू का असं तू विचारलं होतंस, आणि परीक्षा आहेत, टाकी मोकळी नाही, असं म्हणणारा विभागप्रमुख मीच होतो. तू बीएड केलंस, सायमनशी लग्न करून विरारला गेलीस आणि ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलीस. सगळे म्हणत, चांगली शिकवते. मी म्हणे, माझीच विद्यार्थिनी.

निवृत्तीच्या आसपास पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती आली. त्यात पानभर रंगीत चित्र होतं. काळ्या पार्श्वभूमीवर जीवाणू, आणि प्रत्येकाच्या बरोबर मधोमध हिरवं चमकणारं कडं. खाली लिहिलं होतं की जीवाणूंनाही सांगाडा असतो, आणि कड्याच्या प्रथिनाबरोबर आकार धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचंही नाव होतं. ते पुस्तक घेऊन मी तुझ्या विरारच्या घरी आलो. सांगायचं ठरवूनच आलो होतो. तू चित्रावरून बोट फिरवलंस आणि हसलीस. "बघा सर, माझं म्हणणं खरं होतं. फक्त माझाच हात कच्चा होता." सायमनने चहा आणला. मी चहा प्यायलो आणि पुस्तक तुला देऊन परत आलो.

शेवटचं पावसाळ्यात आलो. तू उशीला टेकून बसली होतीस, आवाज खोल गेला होता. अनिता पायाशी बसून चित्र रंगवत होती. तू म्हणालीस, "सर, एक विचारायचं राहिलंय. त्या रविवारी..."

मी तुला पुढे बोलू दिलं नाही. म्हणालो, "आता बोलू नकोस. दमशील."

तुला काय विचारायचं होतं? तुला माहीत होतं का? कधीपासून? की नुसतं सणाच्या त्या डब्याविषयी, त्या करंज्यांविषयी काही बोलायचं होतं? हे मला आता कुणीच सांगणार नाही, आणि ते योग्यच आहे. विचारायची संधी तुला होती आणि तुझं तोंड मी बंद केलं.

दोन वस्तू माझ्याकडे आहेत. जानेवारीतली तुझी काचपट्टी माझ्या खणात राहिली होती. गेल्या आठवड्यात ती कॉलेजात नेली आणि आताच्या विभागप्रमुखांकडे सूक्ष्मदर्शक मागितला. रंग बराच उडाला आहे. धागे आहेत. त्यांना पाहायला बोलावलं तर ते सहज म्हणाले, अरे, हा तो कड्यावाला दिसतोय. कुणी केलंय? सुंदर आहे. मी तुझं नाव सांगितलं. ती पट्टी मी सायमनकडे देणार आहे, अनितासाठी.

दुसरी वस्तू तापमानाची वही. निवृत्तीच्या दिवशी ती मी पिशवीत घालून घरी आणली. चोरलीच म्हण. काल ते पान काढलं. रविवारच्या दोन रकान्यांवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: वीज नव्हती. टाकीजवळ कुणी नव्हतं. तापमान पाहिलेलं नाही. पाचही नमुने साडेचारनंतर एकदम घेतले. खाली सही केली, कालचीच तारीख घातली. वहीही काचपट्टीबरोबर जाईल, आणि प्रणालीला मी स्वतः जाऊन दाखवीन. तुझी ती गोष्ट वर्गात कुणी पुढे सांगायचीच असेल, तर तिचा शेवट आता हा आहे.

आणि जे त्या सोमवारी, डब्याचं झाकण उघडं असताना, एका वाक्यात सांगायचं होतं ते हे. जसिंता, लाइट गेली होती. मी घरी झोपलो होतो. तुझा हात स्वच्छ होता, तुझे डोळे खरं बघत होते. चूक माझी होती, आणि ती मी तुझ्या नावावर राहू दिली. मला क्षमा कर.